मागे कोण बसणार?

रविवार, ९ फेब्रुवारी
जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या आठांपैकी सहाच अंगं टेकली असं समजावं. उरलेली दोन प्रत्यक्ष भेटीत टेकीन.)

तुमची तीन पत्रं येऊन पडली आणि माझं एकही गेलं नाही, याची आधी क्षमा मागते. वेळ नव्हता असं लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं वर दिसतंच आहे. रोजची डायरी लिहायला वेळ होता, तर मामांना चार ओळी लिहायला नव्हता हे कुणाला पटेल? खरी गोष्ट अशी की प्रत्येक पत्रात तुम्ही विचारत होतात, "सध्या नवीन काय?" आणि नवीन जे होतं ते सांगायची मला लाज वाटते की भीती, हे ठरवण्यातच हिवाळा संपला. दोन्ही वाटतात असा निष्कर्ष निघाला आहे. तेव्हा आता एका दमात सांगून टाकते. मामा, मी मोटरसायकल बांधते आहे. विकत घेतली नाही, बांधते आहे. पण ते पुढे. आधी तुमचा गुडघा कसा आहे? अजून पाऊस आधी कळवतो का? आणि मामींनी लपवलेली दुकानाची किल्ली मिळाली का? निवृत्त माणसाने रोज दुकान उघडून फोमचा वास घेत बसू नये, हे मामींचं म्हणणं मला तत्त्वतः मान्य आहे. पण ज्या माणसाने सबंध गावाच्या बुडाखाली गाद्या दिल्या, नाटकगृहाच्या खुर्च्या म्हणू नका, बसच्या सीटा म्हणू नका, त्याची किल्ली तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणं हे जरा जास्तच झालं.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला माझी स्कूटर आठवते. लग्न झाल्यापासून त्या स्कूटरवर मी एकटी अशी कधी बसलेच नाही. मागे कुणीतरी असतंच. माणूस नसेल तर गॅसची टाकी असते. (टाकी मी सर्वांत चांगली सोबत मानते. ती बोलत नाही.) तुमचे जावई मागे बसतात तेव्हा ब्रेक दाबतात. मागे ब्रेक नसतो हे त्यांना माहीत आहे, तरी ते पाय हवेत दाबतात आणि तोंडाने "हं... हं... अगं अगं!" करतात. विमा कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला समोरून येणारा प्रत्येक ट्रक हा एक दावा दिसतो, हे मी समजून घेतलं आहे. सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्या बोलत नाहीत, थाप मारतात. उजवीकडे वळायचं तर उजव्या खांद्यावर, डावीकडे तर डाव्या, आणि थांबायचं तर दोन्ही खांद्यांवर एकदम. वाचनालयाचा रस्ता तोच, वळणं तीच, तरी थाप ठरलेली. गाडीवान निदान बैलाशी चार शब्द बोलतो.

तर एके दिवशी जलशुद्धीकरण केंद्रात, माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी असताना, मनात आलं की आपल्याला एका माणसाची गाडी हवी. एका म्हणजे एका. जिच्यावर दुसरं कुणी बसायचं म्हटलं तरी बसताच येणार नाही अशी. हा स्वार्थ आहे का, असं त्या दिवशी डायरीत लिहिलं आणि प्रामाणिकपणे खाली उत्तर लिहिलं, "हो." मग दोन दिवस डायरीकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "थोडा असू दे."

दुकानात अशी गाडी मिळत नाही. म्हणून एका दूधवाल्याची जुनी मोटरसायकल घेतली. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी आकडे, बसायला फळी, आणि सगळ्या अंगाला आंबट वास. ती नेली आमच्या मेकॅनिककडे. त्याला सगळे "होऊनजाईल" म्हणतात, कारण कोणतंही काम सांगा, तो हेच म्हणतो. (झालेलं काम दाखवून तक्रार केली तर म्हणतो, "होतं असं." भूत आणि भविष्य दोन्ही त्याने दोन-दोन शब्दांत बसवले आहेत. वर्तमानात तो चहा पीत असतो.) मी आराखडा काढून नेला होता. टाकी ठेवायची, इंजिन उघडून साफ करायचं, हँडल खाली घ्यायचं, आणि मागच्या चाकाच्या शॉकॲब्सॉर्बरच्या पलीकडे सांगाड्याची जी शेपटी जाते, जिच्यावर मागचा माणूस बसतो, ती कापायची. तो प्रत्येक ओळीला "होऊन जाईल" म्हणत खाली आला आणि शेपटीपाशी थांबला.

"ताई, मग मागे कोण बसणार?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे... साहेब?"

"साहेबही नाहीत."

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि आवाज उतरवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मामा, मला वाटलं होतं की बाई मोटरसायकल बांधते म्हटल्यावर लोक हसतील, नावं ठेवतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. चांगली होती, वाया गेली. बाईने मोटरसायकल बांधली तर कुणाला काही नाही. शेजारणी कौतुक करतात, केंद्रातले साहेब तर मला "इंजिनियर" म्हणायला लागलेत (पगार मात्र प्रयोगशाळेचाच देतात). पण सीट एकाचीच म्हटल्याबरोबर प्रत्येकाचा चेहरा पडतो. नोंदणीचा अर्ज आणायला गेले तेव्हा परिवहन कार्यालयातल्या कारकुनाने आसनसंख्येपुढे न विचारताच दोनाचा आकडा टाकला. एक करा म्हटलं, तर मान वर करून मला एकदा पुरतं पाहून घेतलं, मग पुसलं. बाईने वाटेल ते करावं, फक्त मागे जागा ठेवावी, असा काहीतरी नियम असावा. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

तर शेपटी कापली. होऊनजाईल गॅस-कटर धरायला तयार होईना, म्हणून मीच काळा चष्मा लावून धरला, त्याने माझा हात धरला आणि दोघांनी मिळून एखाद्या उद्घाटनासारखी ती कापली. चार दिवसांनी गेले तर शेपटी जागेवर! पालीची उगवते तशी उगवलेली, फक्त थोडी आखूड. चौकशी केली तर "साहेब सहज आले होते." तुमचे जावई सहज कुठेच जात नाहीत. चपला घालायच्या आधी ते परतीच्या वेळेचा अंदाज सांगतात. विचारलं तर म्हणाले, "मी फक्त म्हटलं, वेळप्रसंगी असावी." हा शब्द लक्षात ठेवा मामा. आमच्या घरात पाहुण्यांसाठी ज्यादा गाद्या आहेत, वीज गेली तर कंदील आहे, कंदील बिघडला तर मेणबत्त्या आहेत, आणि हे सगळं ठेवायला जी खोली आहे ती वेळप्रसंगी माझी अभ्यासिका होणार आहे. मी शेपटी पुन्हा कापली. पुढच्या आठवड्यात पुन्हा उगवली. या खेपेला साहेबांचा दोष नव्हता. होऊनजाईलने आपल्या मनाने लावली होती. "नाही बघवलं ताई," म्हणाला, "बोडकी दिसत होती." मी तिसऱ्यांदा कापली, तुकडा पिशवीत घातला आणि गाडी टेम्पोत टाकून घरी आणली. तुकडा कपाटात कुलुपात आहे. (याला कुणी वेड म्हणेल. मीही म्हणून पाहिलं आहे.)

घरी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली आणि उरलेलं काम स्वतः करायला घेतलं. इथे माझी शोभा झाली, तीही सांगते. नाहीतर हे पत्र म्हणजे दुसऱ्यांच्याच चुकांचा अहवाल होईल. पेट्रोलच्या टाकीत गंज होता. टाकी कशी धुवावी हे मला कोण शिकवणार? आयुष्य बाटल्या धुण्यात गेलं. आधी साबण, मग आम्ल, मग साधं पाणी, मग ऊर्ध्वपातित पाणी, तेही तीनदा. शेवटच्या पाण्याचा नमुना केंद्रात नेऊन तपासला. पिण्यायोग्य निघाला. इतका आनंद झाला की टाकी वाळवायचं राहून गेलं. पेट्रोल भरलं, किक मारली, मारली, मारतच राहिले. शेवटी होऊनजाईलला बोलावलं. त्याने कार्ब्युरेटर उघडून तळहातावर उपडा केला, हाताकडे पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "ताई, पाणी आहे." मी म्हटलं, "शुद्ध आहे." माझ्या तोंडून हे का गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो आता गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आणि ते स्टूल. स्वयंपाकघरातलं बुटकं लाकडी स्टूल. केंद्रातून घरी आले की ते गाडीच्या डाव्या अंगाला ठेवलेलं असे. मी उचलून आत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आरसाही खाली वळलेला. तुमचे जावई दुपारी जेवायला घरी येतात, तेव्हा संशयाला फार लांब जावं लागलं नाही. स्टुलावर बसून हे मागच्या बाजूची मापं घेत असणार. विचारलं तर शपथेवर नाही म्हणाले. त्यांना खोटं नीट बोलता येत नाही असं मी आजवर धरून चालले होते, डायरीत लिहिलं, "की नीट येतं म्हणूनच तसं वाटतं?" स्टूल माळ्यावर टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी तिथे उपडी बादली. बादलीला तडा गेलेला. हे मात्र जावयांनी जेवताना हसण्यावारी नेलं, "बादली मी नाही, मला माझ्या वजनाची कल्पना आहे," आणि सासूबाईंनी नेमकं तेव्हाच पाणी मागितलं, त्यामुळे उलटतपासणी अर्धीच राहिली.

परवा गाडी सुरू झाली. पहिल्या किकला नाही, पण झाली. मामा, तो आवाज ऐकून मी काय केलं असेल? आधी बंद केली. विश्वास बसेना म्हणून. मग पुन्हा सुरू केली. सीट नव्हतीच, म्हणून लोखंडावर सतरंजीची घडी बांधली, हेल्मेट घातलं आणि गल्लीत निघाले. तुमचे जावई मागून धावत होते. लहान मुलाला सायकल शिकवताना धरतात तसं धरायला त्यांनी हात पुढे केले होते, पण मागे धरायला काही नव्हतंच, त्यामुळे ते दोन्ही हात पसरून नुसतेच धावत होते, ओवाळायला निघाल्यासारखे. मला आरशात दिसत होते. मग लहान झाले. मग दिसेनासे झाले. मागे कुणी नव्हतं. पाठीला वारा लागत होता, मामा. पाठीला! इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं की तो तिथेही लागतो.

गल्ली सरळ जाते आणि टोकाला उजवीकडे वळते. वळणाच्या समोर रद्दीवाला आहे. मी रोज तिथे वळते. परवा वळले नाही. सरळ गेले आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत शिरले. ब्रेक होता, वेळ होता, रस्ता मोकळा होता. पडल्या पडल्या, अंगावर कागद घेऊन, मला पहिली गोष्ट काय सुचली असेल तर हीच की खांद्यावर थाप पडली नाही. मी थापेची वाट बघत होते. वळण आलं, खांदा तयार होता, आणि थाप आली नाही.

कंबर तेव्हाच धरली. पुढचं मडगार्ड चेपलं, बाकी गाडी ठीक आहे. ही थापेची गोष्ट मी कुणाला सांगायला नको होती. पण मला गप्प बसवत नाही हे तुम्ही जाणताच. मी जेवताना सांगितली, एक निरीक्षण म्हणून. जावयांनी घास खाली ठेवला आणि विमा नाकारतानाच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मागे कुणीतरी लागतं. तूच सिद्ध केलंस." त्यावर होऊनजाईल, जो मडगार्ड बघायला म्हणून आला होता आणि ताटावर बसला होता, तोही म्हणाला, "साहेबांचं बरोबर आहे. शेपटी घेऊन येऊ का?" सासूबाई जेवत राहिल्या. त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा महाग पडतं. शेवटी हात धुताना एवढंच विचारलं, "हँडलला काही झालं नाही ना?" सुनेच्या कंबरेचं नाही, हँडलचं! मी हा टोमणा डायरीत तारीख घालून ठेवला आहे.

ठराव असा झाला आहे की सीट दोघांची होणार. मी विरोधात मत दिलं, होऊनजाईलचंही धरलं गेलं, माझं पडलं. येत्या शुक्रवारी परिवहन कार्यालयात तपासणी आहे. जी सीट त्या दिवशी गाडीवर असेल, तीच कायम कागदावर चढेल. आणि मला प्रामाणिकपणे वाटतं (प्रामाणिकपणे हा शब्द मी तीनदा तपासला) की थाप पडली नाही म्हणून मी धडकले, याचा अर्थ मागे कुणीतरी हवं असा होत नाही. उलटा होतो. ज्या बाईला रोजचं वळण स्वतःहून घेता येत नाही, तिने काही दिवस एकटीनेच चालवायला हवं. रद्दीवाल्याने गठ्ठे अजून उचललेले नाहीत, म्हणतो, "राहू देत ताई, तुम्ही यालच." तरी चालेल.

असो. फार लांबलं. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची
शंकेखोर भाची

ता. क. एक छोटंसं काम होतं, विसरतच होते. (विसरत नव्हते. त्यासाठीच पत्र लिहिलं.) मामा, शुक्रवारच्या आत मला एक सीट शिवून द्या. एकाच माणसाची. वर्तमानपत्रावर नमुना कापून सोबत ठेवला आहे, कडेला मापं लिहिली आहेत. मागची कड इतकी उतरती करा की मांजर बसलं तरी घसरावं. किल्ली नाही मिळाली तर मामींना हे पत्र वाचून दाखवा; त्या स्वतः तांदूळ उपसतील.

ता. क. २. आमच्या घरात पत्र म्हणजे टेबलावर पडलेली वस्तू, ज्याला त्याला त्यात आपल्या दोन ओळी घालायच्या असतात. या खेपेला तसं होऊ देणार नव्हते, पण डिंकाची बाटली सापडत नाही. पाकीट नंतर बंद करीन. तोवर डायरीखाली ठेवते.

ता. क. (जावयाकडून) सा. न. डिंकाची बाटली माझ्याकडे होती. पत्र सहज दिसलं. मजकुरात अतिशयोक्ती आहे, पण ओवाळण्याची उपमा बरी आहे. माझी विनंती एवढीच की सीट दीड माणसाची करावी. म्हणजे कागदावर एकाची राहील आणि वेळप्रसंगी सरकून बसता येईल. सोबतच्या नमुन्याला मागून वीतभर कागद चिकटवला आहे, त्याप्रमाणे कापावं. हिला कळवू नये.

ता. क. (विहीणबाईकडून) सप्रेम नमस्कार. चष्मा लावून सगळं वाचलं. थाप मारते ते खरं आहे, पण मी हळू मारते. मागून काही दिसत नाही हो. आधी यांच्या पाठीमागे बसले, मग मुलाच्या, मग सूनबाईच्या. तिघांचे शर्ट मला पाठ आहेत, रस्ता नाही. दुपारी घरात कुणी नसलं की मी त्या गाडीवर बसते. नुसती बसते, हँडल धरून. समोर फाटक आहे फक्त, पण केवढं दिसतं! सीट एकाचीच करा. चिकटवलेला कागद मी फाडून टाकला आहे. फक्त दोन बोटं खाली घ्या, माझे पाय लोंबकळतात. आणि बादलीवरून चढणं आता होत नाही.

(संध्याकाळी, पाकीट बंद करताना.) मामा, दोन बोटं खाली घ्या. माझे गुडघे थोडे दुमडतील, चालेल. बाकी नमुना आहे तसाच.

उद्या: माळ्यावरून स्टूल खाली काढणे.